फवारणीचे ‘औषध’ आणि प्रयोगशाळेचे नियम

जुलै-ऑगस्टमध्ये पावसाने उघडीप दिली, की वाशीम जिल्ह्याच्या मानोरा तालुक्यातील इंझोरीसारख्या गावांत सकाळी सकाळी एक वाक्य हमखास ऐकू येते : ‘औषध मारायला चाललो.’ पऱ्हाटीवर मावा आणि तुडतुडे, सोयाबीनवर खोडमाशी आणि चक्रीभुंगा, पुढे तुरीवर शेंगा पोखरणारी अळी. प्रत्येकासाठी वेगळे ‘औषध’. ‘विष मारायला चाललो’ असे कोणी म्हणत नाही.

शब्दाची ही सवय साधी वाटते. पण तिचा परिणाम साधा नाही. औषध म्हटले, की ते घरात ठेवायला संकोच वाटत नाही. बाटलीच्या झाकणाने मोजायला, काडी सापडली नाही तर हाताने ढवळायला, उरलेले दुसऱ्या बाटलीत ओतून ठेवायलाही वाटत नाही. या बाटल्यांतली कित्येक रसायने प्रयोगशाळेत मात्र कुलूपबंद ठेवली जातात आणि हातमोज्यांशिवाय त्यांना कोणी स्पर्श करत नाही. प्रयोगशाळेतल्या माणसाचे शरीर शेतकऱ्याच्या शरीरापेक्षा नाजूक असते म्हणून नव्हे. तिथे त्या रसायनाला विष म्हणूनच वागवण्याची शिस्त आहे, म्हणून. त्या शिस्तीतला बराचसा भाग साबण, कुलूप, बादली आणि हातमोजे एवढ्या भांडवलावर शेतातही आणता येतो.

दोन कपाटे, एकच रसायन

फळे-भाज्यांमध्ये कीटकनाशकांचे अंश किती उरले आहेत, हे तपासणाऱ्या प्रयोगशाळा देशात अनेक आहेत. पुण्याजवळ मांजरी येथील राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्रात असे काम चालते. अशा तपासणीत तुलनेसाठी शुद्ध कीटकनाशक लागते. ते येते काही मिलिग्रॅममध्ये, बोटाएवढ्या काचेच्या बाटलीत. बाटलीवर रसायनाचे नाव, तीव्रता, धोक्याचे चिन्ह, मिळाल्याची आणि उघडल्याची तारीख असते. ती थंड जागी, कुलपात राहते. किती काढले, कोणी काढले याची नोंद होते. हाताळणी हवा बाहेर खेचणाऱ्या कपाटात, हातमोजे आणि चष्मा घालून होते. नळीने द्रव तोंडाने ओढणे सक्त मना. उरलेले द्रावण बेसिनमध्ये ओतले जात नाही. त्यासाठी वेगळा, नाव लिहिलेला कॅन असतो. त्या खोलीत चहा-पाणी, डबा काहीच चालत नाही.

हेच रसायन शेतकऱ्याकडे येते अर्धा लिटर किंवा एक लिटरच्या बाटलीत. ती कधी कोठ्यात, ढेपेच्या पोत्याशेजारी टेकवलेली असते. कधी घराच्या आढ्याला पिशवीत टांगलेली, तर कधी खाटेखाली. प्रयोगशाळेत मिलिग्रॅम आणि कोठ्यात लिटर. खबरदारी मात्र नेमकी उलटी.

एका थेंबाची गोष्ट

या गटातल्या रसायनांची ताकद माणसाला कळली तीही प्रयोगशाळेतल्या अपघातातून. १९३६ साली जर्मनीतील रसायनशास्त्रज्ञ गेरहार्ड श्रेडर नवे कीटकनाशक शोधत होते. फॉस्फरसयुक्त संयुगांवर काम करताना त्यांनी एक पदार्थ तयार केला. त्याचा एक थेंब टेबलावर सांडला आणि श्रेडर व त्यांच्या सहायकाच्या डोळ्यांच्या बाहुल्या आकसल्या, चक्कर येऊ लागली, श्वास घेणे जड झाले. सावरायला त्यांना काही आठवडे लागले. तो पदार्थ पुढे ‘टॅबून’ नावाने युद्धातला विषारी वायू म्हणून ओळखला गेला. त्याच रसायनकुळातून, तुलनेने सौम्य पण माणसालाही मारक अशी पॅराथिऑन, मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉस ही कीटकनाशके आली. या कुळाला ऑर्गनोफॉस्फरस म्हणतात.

त्यांचे काम एका विकराभोवती फिरते. मज्जातंतूकडून स्नायूला किंवा ग्रंथीला निरोप जातो तो ॲसिटिलकोलिन या रसायनामार्फत. निरोप पोचला, की कोलिनएस्टरेज नावाचे विकर ॲसिटिलकोलिन मोडून टाकते आणि स्नायू पुढच्या निरोपासाठी मोकळा होतो. ऑर्गनोफॉस्फरस या विकरालाच चिकटून ते बंद पाडते. मग निरोप थांबतच नाहीत. लाळ, घाम, डोळ्यांतले पाणी वाहत राहते. पोटात मुरडा येतो, उलट्या-जुलाब होतात. स्नायू फडफडतात आणि मग थकून ढिले पडतात. श्वासाचे स्नायू थकले, की जीव धोक्यात येतो. अळीच्या शरीरात जे घडावे म्हणून फवारणी केली जाते, तेच माणसाच्या शरीरात घडते. फरक असतो तो फक्त मात्रेचा.

२०१७चा पावसाळा

मानोरा तालुक्याला लागूनच यवतमाळ जिल्हा आहे. तिथे २०१७च्या पावसाळ्यात कपाशीवर फवारणी करणारे शेतकरी आणि शेतमजूर एकामागून एक रुग्णालयात दाखल होऊ लागले. शेकडो जणांना विषबाधा झाली. एकट्या यवतमाळ जिल्ह्यात वीसहून अधिक जणांचा मृत्यू झाला. काहींची दृष्टी अधू झाली. राज्य सरकारने अमरावतीच्या विभागीय आयुक्तांच्या अध्यक्षतेखाली विशेष तपास पथक नेमले, मृतांच्या कुटुंबांना दोन लाख रुपयांची मदत जाहीर केली आणि यवतमाळसह पश्चिम विदर्भात पाच कीटकनाशकांच्या विक्रीवर तात्पुरती बंदी घातली. त्यांत मोनोक्रोटोफॉस होते, ॲसिफेट होते, तसेच प्रोफेनोफॉस आणि सायपरमेथ्रिनचे जोडमिश्रणही होते.

त्या वर्षी अनेक गोष्टी एकत्र आल्या होत्या. कपाशी माणसाच्या उंचीएवढी किंवा त्याहून अधिक वाढली होती. त्यामुळे फवारा वरून खाली न जाता तोंडावर, छातीवर येत होता. बोंडअळीमुळे फवारण्या वाढल्या. बॅटरीवर किंवा इंजिनावर चालणारे पंप बारीक तुषार उडवतात, ते हवेत तरंगतात आणि श्वासातून आत जातात. दोन-तीन कीटकनाशके, त्यात संप्रेरक, त्यात विद्राव्य खत असे मिश्रण एकाच टाकीत झाले. दमट उष्म्यात घामाने भिजलेली कातडी रसायन अधिक सहज शोषून घेते. आणि अंगावर बहुतेकांच्या होता फक्त सदरा आणि तोंडाला रुमाल.

मनमानी मिश्रणाचा धोका बेरजेपेक्षा मोठा असतो. सायपरमेथ्रिनसारखी रसायने शरीरातली काही विकरे मोडून टाकतात, म्हणून माणसाला त्यांचा त्रास एरवी कमी होतो. ऑर्गनोफॉस्फरस नेमकी ती विकरेही बंद पाडते. म्हणजे एक विष दुसऱ्या विषाला वाट मोकळी करून देते. प्रयोगशाळेत दोन बाटल्या एकत्र करण्याआधी तसे करता येते का, हे तपासून घेण्याचा नियम आहे. शेतातही लेबलावर शिफारस नसलेले मिश्रण करू नये, हाच त्याचा अर्थ.

मोनोक्रोटोफॉसचा भाजीपाल्यावरील वापर भारतात आधीच बंद होता. त्याच्या ३६ टक्के तीव्रतेच्या द्रावणाला मनाई करणारा आदेश केंद्र सरकारने २०२३मध्ये काढला आणि शिल्लक साठ्यासाठी मुदत दिली. पण आदेश दुकानापर्यंत पोचतो, कोठ्यातल्या अर्ध्या उरलेल्या बाटलीपर्यंत नाही. ती बाटली तिथेच राहते. म्हणून साठवणूक आणि विल्हेवाट यांची काळजी बंदीनंतरही संपत नाही.

आधी त्रिकोण पाहा

कीटकनाशकाच्या प्रत्येक लेबलावर कोपऱ्यावर उभा केलेला एक चौकोन असतो. त्याचे वर-खाली असे दोन त्रिकोण पडतात. खालच्या त्रिकोणाचा रंग विषाची तीव्रता सांगतो. लाल म्हणजे अतितीव्र विषारी, पिवळा म्हणजे तीव्र विषारी, निळा म्हणजे मध्यम आणि हिरवा म्हणजे त्या मानाने कमी विषारी. मोनोक्रोटोफॉस लाल, प्रोफेनोफॉस पिवळा. हिरवा त्रिकोण असला म्हणजे हात न धुता भाकरी खावी असे नाही. पण एकाच किडीसाठी दोन पर्याय असतील, तर खालच्या रंगाचा निवडणे ही सर्वांत स्वस्त खबरदारी आहे.

लेबलासोबत घडीपत्रक येते. त्यात मराठीतही मजकूर असतो : पीक, प्रमाण, विषबाधेची लक्षणे, उतारा. बहुतेक घरांत ते पिशवीसोबत फेकले जाते. ते जपून ठेवावे, कारण रुग्णालयात डॉक्टरांचा पहिला प्रश्न ‘काय फवारत होता?’ हाच असतो. खरेदी परवानाधारक कृषी केंद्रातून, पावती घेऊन करावी. सुटे, लेबल नसलेले किंवा सील तुटलेले कधीही घेऊ नये. आणि लागेल तेवढेच घ्यावे. उरलेच नाही, तर साठवण्याचा प्रश्नही येत नाही.

साठवणूक : अन्नापासून दूर

भारताचा कीटकनाशक कायदा १९६८चा आहे. त्याच्या मागे एक साठवणुकीचा अपघात आहे. १९५८ साली केरळ आणि तमिळनाडूत शंभराहून अधिक माणसे गव्हाच्या पिठातून विषबाधा होऊन दगावली. जहाजातून येताना पीठ आणि पॅराथिऑन शेजारी शेजारी ठेवले होते आणि विष गळून पिठात उतरले होते. त्यानंतर नेमलेल्या चौकशी आयोगाच्या शिफारशींतून हा कायदा आकाराला आला.

पंचावन्न वर्षांनी पुन्हा तेच घडले. जुलै २०१३मध्ये बिहारच्या सारण जिल्ह्यातील गंडामन गावात शाळेतले मध्यान्ह भोजन खाऊन २३ मुले मरण पावली. न्यायवैद्यक तपासणीत स्वयंपाकाच्या तेलात मोनोक्रोटोफॉस सापडले. ते तेल कीटकनाशकाच्या जुन्या डब्यात ठेवले गेल्याचा संशय होता.

या दोन्ही घटना सांगतात ते एवढेच : अन्न आणि विष एका छताखाली नको आणि विषाचे भांडे अन्नासाठी कधीच नको. धान्य, ढेप, बियाणे, पाण्याचे रांजण, जनावरांची गव्हाण या सगळ्यांपासून दूर, मुलांचा हात पोचणार नाही अशा उंचीवर आणि कुलपात, असा एक पत्र्याचा डबा किंवा लाकडी पेटी पुरते. जागा कोरडी, हवेशीर, उन्हापासून आडोशाला असावी. पावडर वर आणि द्रव खाली ठेवावे, म्हणजे गळाले तरी पावडर भिजत नाही. तणनाशक वेगळे ठेवावे. चुकून उचलले तर उभे पीक जाते.

सगळ्यांत घातक सवय म्हणजे उरलेले दुसऱ्या बाटलीत ओतणे. शीतपेयाची रिकामी बाटली घरात दिसली, की लहान मूल किंवा अंधारात पाणी शोधणारा मोठा माणूस ती तोंडाला लावतो. पॅराक्वाट या तणनाशकाच्या बाबतीत हा अपघात जीवघेणाच ठरतो. त्यावर उतारा नाही. एक-दोन घोट पुरे होतात. सुरुवातीला माणूस बरा दिसतो आणि पुढच्या दिवसांत मूत्रपिंड व फुप्फुसे निकामी होत जातात. म्हणून प्रयोगशाळेचा पहिला नियम घरातही पहिलाच असावा : रसायन मूळ बाटलीतच, मूळ लेबलासह.

कुलपाच्या मर्यादाही समजून घ्यायला हव्यात. श्रीलंकेतील सुमारे १८० गावांत घरोघरी कुलपाच्या पेट्या देऊन मोठा अभ्यास झाला. २०१७मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या निष्कर्षांत, कीटकनाशक पिऊन जीव देण्याचे प्रयत्न पेट्यांमुळे कमी झाल्याचे दिसले नाही. मात्र त्याच देशात अतिविषारी कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्याने बंदी आल्यावर १९९५नंतरच्या दोन दशकांत आत्महत्यांचे प्रमाण सुमारे ७० टक्क्यांनी घटले. म्हणजे कुलूप लहान मुलांना आणि चुकीने होणाऱ्या अपघातांना अडवते. मोठे संरक्षण येते ते घरात लाल त्रिकोण नसण्यातून. कर्ज, नापिकी, भांडण अशा काळात घरातला माणूस खचलेला दिसत असेल, तर बाटल्या घराबाहेर हलवाव्यात आणि त्याच्याशी मोकळेपणाने बोलावे. शासनाची ‘टेलि मानस’ ही मदतवाहिनी १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र मोफत आहे.

सर्वांत धोक्याची पाच मिनिटे

फवारणी तीन-चार तास चालते. पण सर्वांत तीव्र रसायनाशी संबंध येतो तो बाटली उघडून मिसळताना. हिशेब सोपा आहे. उदाहरणादाखल, ३६ टक्क्यांचे द्रावण १० लिटर पाण्यात २० मिली टाकले, तर पंपातले पाणी बाटलीतल्या द्रवापेक्षा ५०० पट सौम्य होते. म्हणजे हातावर उडालेला बाटलीतला एक थेंब पंपातल्या ५०० थेंबांच्या बरोबरीचा असतो. तरीही फवारताना तोंडाला रुमाल बांधणारा माणूस मिसळताना मात्र उघड्या हातांनी काम करतो.

मिसळण्याचे काम उघड्यावर, वाऱ्याकडे पाठ करून, विहीर व नाल्यापासून दूर करावे. मोजण्यासाठी वेगळे मापटे ठेवावे. ते दुसऱ्या कशालाही वापरू नये. ढवळायला लांब काठी घ्यावी. या वेळी रबरी किंवा नायट्राइलचे हातमोजे आणि डोळ्यांना चष्मा हवाच. कापडी मोजे रसायन शोषून हाताशी धरून ठेवतात, त्यामुळे ते नसलेले बरे. मापटे, पंप भरणे ही कामे मुलांकडे देऊ नयेत. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांनी यापासून लांबच राहावे.

सांडले तर पाणी ओतून पसरवू नये. कोरडी माती किंवा लाकडाचा भुसा टाकून ते शोषून घ्यावे, फावड्याने उचलून लेबल लावलेल्या पिशवीत भरावे. प्रयोगशाळेतही सांडलेल्या रसायनावर आधी शोषक टाकतात, फडके-पाणी नंतर.

कातडीचे दरवाजे

विष तोंडावाटे किंवा श्वासावाटेच जाते, हा समज पक्का आहे. प्रत्यक्षात फवारणाऱ्याच्या शरीरात बरेचसे विष कातडीतून जाते. अमेरिकेत १९७१ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात स्वयंसेवकांच्या शरीराच्या वेगवेगळ्या भागांवर पॅराथिऑनची अत्यल्प मात्रा लावून शोषण मोजले गेले. मनगटाच्या वरच्या हातातून सुमारे ९ टक्के शोषले गेले. कपाळातून त्याच्या चौपट, काखेतून सातपटीहून अधिक आणि वृषणाच्या कातडीतून जवळजवळ सगळेच.

आता पाठीवरचा पंप डोळ्यांसमोर आणावा. झाकणातून गळणारे पाणी पाठीवरून कमरेखाली जाते, पायजमा भिजतो आणि नेमक्या त्या भागाला तासन्‌तास चिकटून राहतो. म्हणून पंपाचे झाकण, वायसर आणि नळी हंगामाआधी दुरुस्त करून घेणे हे महागड्या मास्कपेक्षा आधीचे काम आहे. तोंडाचा रुमाल रसायनाची वाफ अडवत नाही. ओला झाला, की तोच विषाची पट्टी बनतो. नोझल तुंबले तर तोंडाने फुंकणे म्हणजे प्रयोगशाळेत तोंडाने नळी ओढण्यासारखेच. त्यासाठी मऊ तार किंवा जुना ब्रश आणि पाणी वापरावे.

पूर्ण अंगभर सूट घालून विदर्भाच्या उकाड्यात चार तास चालणे कठीण आहे, हे खरेच. उष्माघाताचा धोकाही असतो. पण प्रयोगशाळेच्या सुरक्षेतही अंगावरच्या साधनांचा क्रमांक शेवटचा असतो. आधी पाहतात ते रसायन टाळता येते का, मग कमी विषारी पर्याय आहे का, मग यंत्र आणि पद्धत बदलता येते का. शेतातही तोच क्रम लावता येतो. नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेची शिफारस आहे, की कामगंध सापळ्यात सलग तीन रात्री गुलाबी बोंडअळीचे आठ किंवा अधिक पतंग आले किंवा १० टक्के फुले-बोंडे किडलेली दिसली, तरच फवारणीचा विचार करावा. शेजाऱ्याने पंप काढला म्हणून आपणही काढायचा, यात एक फवारणी वाया जाते आणि एकदा जास्त विष अंगावर येते. सल्ल्यासाठी जिल्ह्यात करडा येथे कृषी विज्ञान केंद्र आहे. किसान कॉल सेंटरचा मोफत क्रमांक १८००-१८०-१५५१ आहे.

फवारणी करावीच लागली, तर सकाळी लवकर किंवा सायंकाळी, वाऱ्याच्या दिशेने चालत करावी. पूर्ण बाह्यांचा सदरा, लांब पॅन्ट, बूट, टोपी, हातमोजे आणि चष्मा एवढे तरी असावे. उपाशीपोटी जाऊ नये. मधल्या वेळेत तंबाखू, विडी, पाणी काहीही तोंडात टाकण्याआधी साबणाने हात धुवावेत. रोज एकाच मजुराच्या पाठीवर पंप देऊ नये. आणि एकट्याने फवारणी करू नये. घातक रसायनावर एकट्याने काम न करण्याचा नियम प्रयोगशाळेत याचसाठी असतो, की एकाला भोवळ आली तर दुसऱ्याच्या लक्षात यावे.

घरी आल्यावर आधी आंघोळ, मग मूल कडेवर घेणे. फवारणीचे कपडे घरच्या कपड्यांत मिसळू नयेत. ते वेगळ्या बादलीत, हातमोजे घालून धुवावेत. हे काम बहुतेक घरांत बाईकडे असते. शेतात न गेलेल्या बाईला विषबाधा होते ती या वाटेने.

रिकामी बाटली रिकामी नसते

बाटली उलटी करून निथळली, तरी आतल्या बाजूला तीव्र रसायनाचा थर राहतो. जगभर मान्य असलेली पद्धत म्हणजे तीनदा विसळणे. बाटली पाव भरेल एवढे पाणी घालावे, झाकण लावून अर्धा मिनिट हलवावे आणि ते पाणी फवारणीच्या पंपातच ओतावे. असे तीन वेळा. विष जमिनीवर सांडत नाही आणि पैशांचे रसायनही पुरेपूर वापरले जाते. हे मिसळतानाच करायचे असते. नंतर थर वाळून बसतो.

नंतर बाटलीला तळाशी भोके पाडावीत, म्हणजे ती कोणी तेला-पाण्यासाठी वापरणार नाही. कीटकनाशक नियमांनुसार वापरलेली वेष्टने मोडून, वस्तीपासून दूर पुरायची असतात. विहीर, बोअर, नाला जवळ नसावा. धुऱ्यावर फेकणे, नाल्यात सोडणे, भंगारवाल्याला देणे किंवा चुलीत जाळणे यातले काहीही चालत नाही. जाळल्यावर निघणारा धूर विषारी असतो आणि तो स्वयंपाकघरातच राहतो. ग्रामपंचायतीने हंगामात एक दिवस ठरवून विसळलेल्या, भोके पाडलेल्या बाटल्या एका जागी गोळा केल्या, तर प्रत्येक धुऱ्यावर वेगळा खड्डा लागत नाही.

पंपात मिश्रण उरले, तर ते त्याच पिकाच्या न फवारलेल्या तासांवर संपवावे. पंप धुतलेले पाणीही शेतातच, पडीक कोपऱ्यात टाकावे. विहिरीच्या काठावर पंप धुऊ नये. मुदत संपलेले किंवा मनाई झालेले कीटकनाशक मातीत ओतू नये. मूळ बाटलीत, घट्ट झाकणाने, वेगळे ठेवून कृषी केंद्र किंवा तालुका कृषी अधिकाऱ्यांना विचारावे.

ऊन लागले, की विष?

फवारणीनंतर डोके दुखले, चक्कर आली, घाम फुटला, मळमळले, की ‘ऊन लागलं’ म्हणून माणूस झाडाखाली पडतो. इथेच वेळ जातो. डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होणे, अंधुक दिसणे, तोंडाला लाळ सुटणे, डोळ्यांतून पाणी, छाती भरून येणे, स्नायू फडफडणे ही उन्हाची लक्षणे नव्हेत. यातले काही दिसले, तर फवारणी थांबवून लगेच १०८ला फोन करावा.

तोवर रुग्णाला शेताबाहेर मोकळ्या हवेत आणावे. भिजलेले कपडे काढावेत. अंग, केस, नखे साबण-पाण्याने धुवावीत. डोळ्यांत गेले असेल तर १५ मिनिटे स्वच्छ पाण्याने धुवावे. मदत करणाऱ्याने हातात मोजे किंवा प्लास्टिकची पिशवी घालावी, नाहीतर तोही आजारी पडतो. शुद्ध हरपली असेल तर कुशीवर झोपवावे. मिठाचे पाणी पाजून उलटी करवू नये. दूध, तूप, ताक देऊ नये. बाटली किंवा घडीपत्रक सोबत न्यावे. दिल्लीच्या एम्समधील राष्ट्रीय विषबाधा माहिती केंद्र १८००-११६-११७ या मोफत क्रमांकावर डॉक्टरांना आणि नातेवाइकांनाही सल्ला देते.

रुग्णालयात ॲट्रोपिन हे मुख्य औषध पुन्हा पुन्हा द्यावे लागते. गरजेनुसार प्रॅलिडॉक्सिम आणि कृत्रिम श्वासही. रक्तातल्या कोलिनएस्टरेजची तपासणी विषबाधेची तीव्रता सांगते. तिची पद्धत १९६१मध्ये जॉर्ज एलमन यांनी दिली : विकर शाबूत असेल, तर त्यांच्या अभिकर्मकाने पिवळा रंग गडद येतो, विषाने ते बंद पडले असेल, तर रंग फिका राहतो. २०१७मध्ये ही तपासणी जिल्हा पातळीवर सहज मिळत नसल्याचा मुद्दा पुढे आला होता. उपचार मात्र अहवालाची वाट पाहत थांबत नाहीत; लक्षणांवरून ते लगेच सुरू होतात. अमेरिकेतील कॅलिफोर्नियात ही रसायने नियमित हाताळणाऱ्या मजुरांची तपासणी हंगामाआधीच करतात, म्हणजे नंतर घट झाली की लगेच कळते.

आणखी एक गोष्ट नातेवाइकांनी लक्षात ठेवावी. बरे वाटू लागल्यावर एक ते चार दिवसांत काही रुग्णांच्या मानेचे आणि श्वासाचे स्नायू अचानक अशक्त होतात. श्रीलंकेतील डॉक्टरांनी १९८७मध्ये याचे वर्णन केले. म्हणून ‘आता बरा आहे, कामे पडली आहेत’ म्हणून डॉक्टरांच्या सल्ल्याविना घरी नेऊ नये.

गावाने ‘औषध मारणे’ हा शब्द लगेच सोडावा, अशी अपेक्षा कोणी करणार नाही. पण बाटली हातात घेताना खालच्या त्रिकोणाकडे एकदा पाहिले आणि लाल दिसल्यावर हात क्षणभर थांबला, तर पुढची काळजी माणूस आपोआप घेतो.

हंगामाआधी घरात एकदा तपासावे

– सर्व बाटल्या मूळ लेबलासह, कुलपात आणि धान्य-ढेपेपासून दूर आहेत का?
– शीतपेयाच्या किंवा पाण्याच्या बाटलीत ओतून ठेवलेले काही आहे का?
– मुदत संपलेली किंवा मनाई झालेली बाटली शिल्लक आहे का?
– पंपाचे झाकण, वायसर आणि नळी गळते का?
– रबरी हातमोजे, चष्मा, वेगळे मापटे आणि काठी आहे का?
– शेतात साबण आणि हात धुण्यापुरते स्वच्छ पाणी नेले जाते का?
– १०८ आणि विषबाधा केंद्राचा क्रमांक घरातल्या सगळ्यांना माहीत आहे का?